येझदीचा तुटलेला गिअर आणि आपलं कुपवाड

पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा आणि रात्री जेवण झाल्यावर सावकाश वाचा. विषय एका जुन्या मोटारसायकलच्या गिअरबॉक्सचा आहे, पण गोष्ट आपल्या गावाची आहे.

गेल्या जुलैत कुपवाड-मिरज रस्त्यावर भर पावसात माझी येझदी धाडकन अडकली. मागचं चाक जागच्या जागी जाम. पडलो नाही हे नशीब. मागच्या टेम्पोवाल्यानं वेळेवर ब्रेक मारला आणि मग मनसोक्त शिव्या दिल्या. वाकून बघितलं तर चेन तुटून पुढच्या स्प्रॉकेटभोवती गुंडाळली होती. इंजिनच्या केसला बोटभर चीर पडलेली आणि त्यातून काळं तेल रस्त्यावर गळत होतं.

ही गाडी वडिलांची. 1984 चं मॉडेल, 1989 साली सेकंडहँड घेतलेली. वडील एमआयडीसीत टर्नर होते. सेकंड शिफ्ट सुटली की रात्री गल्लीच्या तोंडाशी तिचा फटफट आवाज यायचा आणि आई स्टोव्हवर आमटी गरम करायला ठेवायची. ते गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. रोज वापरत नाही, पण रविवारी एक चक्कर होतेच.

दोन ठिकाणी दाखवली. दोन्हीकडं एकच उत्तर: "सोडा साहेब, आता याचं काही मिळत नाही." भंगारवाल्यानं 4 हजार सांगितले. तिसऱ्या ठिकाणी मामा भेटले. नाव लिहू नका म्हणालेत, म्हणून मामाच म्हणतो. वय 67. सातवीत शाळा सोडून गॅरेजात बसलेले, ते आजतागायत तिथंच.

मामांनी इंजिन खाली घेतलं, केस उघडली आणि सगळे तुकडे डिझेलमध्ये धुऊन पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडले. मग चष्मा वर करून म्हणाले, "पत्रकार, ह्यात दोन दुखणी हायत. एक आजचं आणि एक जुनं. सेकंड सुटत हुता न्हवं?"

"हो मामा, दोन वर्षं झाली असतील."

"आन् तुम्ही पायानं दाबून धरत हुता."

मी गप्प बसलो. खरंच दाबून धरत होतो.

आता हे जरा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकांच्या जोड्या असतात. गिअर टाकताना आतला फोर्क, म्हणजे दोन बोटांचा लोखंडी चिमटा, एक चाक बाजूला सरकवतो. त्या चाकाच्या बाजूला असलेले ठोकळ्यासारखे दात शेजारच्या चाकात अडकतात. त्यांना डॉग म्हणतात. डॉगच्या कडा झिजून गोल झाल्या की ओढ पडल्यावर ते निसटतात. यालाच आपण 'गिअर सुटतो' म्हणतो. अशा वेळी पायानं लिव्हर दाबून धरली की सगळा भार त्या चिमट्यावर येतो, तो घासतो आणि वाकतो. चेन जाम होऊन बसलेला झटका सगळ्यात अशक्त जागी जाऊन लागला. सेकंड गिअरचे दोन दात तुटले, फोर्क वाकला आणि केस बेअरिंगच्या बैठकीपर्यंत चिरली.

चेनचं काय? येझदीची चेन पूर्ण कव्हरमध्ये असते. धूळ लागत नाही, पण आत ती किती खिळखिळी झाली तेही दिसत नाही. मी ते कव्हर चार वर्षांत उघडलं नव्हतं. म्हणजे यात गाडीचा दोष नाही, पूर्ण माझा आहे.

येझदी चालवलेल्यांना माहीत आहे, किक आणि गिअर दोन्हीला एकच लिव्हर. आत दाबून वर फिरवली की किक, मारून परत पुढं आणली की गिअर. नवीन माणूस हमखास गोंधळायचा. ही करामत आली कुठून?

फ्रान्तिशेक यानेचेक नावाच्या चेक उद्योजकानं 1929 मध्ये जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटारसायकल बनवायचे हक्क घेतले. यानेचेकचं 'जा' आणि वाँडररचं 'वा', झाली जावा. पुढं महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात गेला. त्या काळात कारखान्यातल्या इंजिनिअरांनी चोरून एका नव्या 250 सीसी गाडीचं काम केलं. ती 1946 मध्ये जगासमोर आली. गिअरची लिव्हर हलली की क्लच आपोआप थोडा सुटावा, ही सोय तिच्यात होती.

तिकडून ही रचना म्हैसूरला आली. रुस्तुम इराणी आणि फारूख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीनं 1961 च्या सुमारास म्हैसुरात परवान्यावर जावा बनवायला सुरुवात केली. 1973 पासून त्याच घराण्यातल्या गाड्या येझदी नावानं येऊ लागल्या. आपल्या भागात राजदूतवर दुधाचे कॅन दिसायचे, बुलेटवर पाटील आणि फौजदार, आणि येझदीवर कॉलेजची पोरं, कामगार, मास्तर. 1985 ला हिरो होंडाची सीडी 100 आली, त्याच वर्षी यामाहाची आरएक्स 100. पेट्रोलचा हिशेब बदलला. लिटरला 80 किलोमीटरची जाहिरात ऐकल्यावर येझदीकडं कोण बघणार? 1996 मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. येझदी नाव 2022 मध्ये परत आलंय, पण त्या गाड्या वेगळ्या. त्यांचा गिअर माझ्या गाडीत बसत नाही.

म्हणजे जवळपास 30 वर्षं झाली, माझ्या गाडीचा गिअर मूळ कारखान्यात बनलेला नाही. मग दुरुस्ती कशी होणार?

मामांनी तुकड्यांचे तीन ढीग केले. पहिला ढीग बेअरिंगचा. "ह्याची काळजी न्हाय," म्हणाले. बेअरिंगचे नंबर जगभर एकच असतात. 6204 म्हटलं की आतलं भोक 20 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 47, जाडी 14, मग ते सांगलीत घ्या नाहीतर जपानमध्ये. गाडीची कंपनी मेली तरी बेअरिंग मरत नाही. दुसरा ढीग जुन्या बाजारात मिळेल अशा वस्तूंचा, त्यात फोर्क होता. तो कोल्हापुरात एका फोडलेल्या इंजिनातून मिळाला. तिसऱ्या ढिगात दोनच वस्तू: चिरलेली केस आणि दात तुटलेला गिअर. खरी परीक्षा तिथं होती.

इथं मला आपल्या जिल्ह्याचा इतिहास सांगायचा आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. त्यांनी आणि त्यांच्या भावानं 1888 साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. विक्री आणि दुरुस्ती. म्हणजे पुढं एवढा वाढलेला हा उद्योग सुरू झाला दुचाकीच्या दुकानात, हे लक्षात ठेवा. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी आधी तो घ्यायला तयार नव्हते. पुढं बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल स्टेशनजवळ निवडुंगाचा माळ दिला. 1910 साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती आपल्याच पलूस तालुक्यात आहे.

त्या माळावर पॅटर्न करणं, साचा भरणं, रस ओतणं, लेथवर कातणं ही कामं शेतकऱ्याची आणि बलुतेदाराची पोरं शिकली. 1947 मध्ये सांगलीत इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, तेच आजचं वालचंद. पुढं मिरज आणि कुपवाडची एमआयडीसी आली, तिकडं कोल्हापूरकडं शिरोली आणि गोकुळ शिरगाव. फाउंड्री, मशीन शॉप, हार्डनिंग, हॉबिंग, ग्राइंडिंग. एकाच्या शेडमधून दुसऱ्याच्या शेडमध्ये डोक्यावर पोतं घेऊन चालत जाता येईल एवढ्या अंतरावर सगळं.

वडिलांच्या पिढीला ही रोजची गोष्ट वाटायची. मला तिची किंमत त्या तुटलेल्या गिअरमुळं कळली. कशी ते सांगतो.

आधी केस. ती अॅल्युमिनिअमची. 40 वर्षं तेल पिऊन बसलेली. सरळ वेल्डिंग केलं की आतलं तेल बुडबुडे काढतं आणि टाका स्पंजासारखा होतो. आर्गन वेल्डिंगवाल्यानं चीर खरवडून व्ही आकाराची केली, केस भट्टीशेजारी ठेवून तापवली, पुसली, परत तापवली. दोन दिवस नुसतं तेल बाहेर काढण्यात गेले. मग टाका. पण टाका घातल्यावर बेअरिंगची गोल बैठक वेडीवाकडी होते. ती परत गोल आणि जुन्या मापाला नेमकी करायची, कारण दोन शाफ्टमधलं अंतर केसाएवढं जरी सरकलं तरी दात नीट बसत नाहीत, गाडी रडते.

ते काम एमआयडीसीतल्या एका टर्नरकडं गेलं. माणूस मामांपेक्षा वयानं मोठा. वडिलांबरोबर काम केलेला निघाला, म्हणून मी काका म्हणालो. त्यांच्या लेथवर म्हैसूर किर्लोस्करची पाटी. त्याच किर्लोस्कर घराण्यानं 1941 मध्ये म्हैसूर संस्थानातल्या हरिहरला काढलेली ती लेथची कंपनी. तीही पुढं बंद पडली. मी बघत उभा होतो. बंद पडलेल्या कारखान्याच्या लेथवर बंद पडलेल्या कारखान्याच्या गाडीची केस चढली होती, आणि दोन्ही चालू होत्या. चालवणारा माणूस जागेवर होता म्हणून.

आता गिअर. तुटलेल्या दातावर वेल्डिंगचा भर घालून कानशीनं आकार देता येतो. खेड्यापाड्यांत असं करतात आणि गाडी घरापर्यंत जाते. पण टिकत नाही, कारण वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारच्या दातांचं पाणी उतरतं, ते मऊ पडतात. म्हणून गिअर नवीन करायचा ठरला.

काकांनी तुटका गिअर हातात घेऊन दात मोजले. हिशेब साधा आहे, शाळेतल्या पोरालाही जमेल. दातांच्या संख्येत 2 मिळवायचे आणि बाहेरच्या व्यासाला त्या आकड्यानं भागायचं. समजा दात 18 आणि व्यास 50 मिलिमीटर, तर 50 भागिले 20, म्हणजे अडीच. याला मॉड्यूल म्हणतात, दाताचा साइज समजा. ते कळलं की कुठलं कटर लावायचं ते कळतं. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक वही काढली. पिवळी पडलेली, तेलाचे डाग, पेन्सिलीनं लिहिलेली. राजदूत, येझदी, बुलेट, उसाच्या चरकाचे गिअर, हळदीच्या मशीनचे गिअर. दात किती, व्यास किती, भोक किती, कुठलं पोलाद. मोटारसायकलपेक्षा चरक आणि पंपाचीच पानं जास्त होती.

दात कापून आले तेव्हा गिअर मऊ होता. असा बसवला तर हजार किलोमीटरही जाणार नाही. वरून कडक आणि आतून चिवट पाहिजे. सगळाच कडक केला तर काचेसारखा फुटतो. त्यासाठी तो कार्बनच्या वातावरणात 900 अंशांच्या पुढं काही तास तापवतात. कार्बन वरच्या थरात मुरतो, एखाद मिलिमीटरच. मग तेलात बुडवतात आणि परत हलका तापवतात. हे झालं केस हार्डनिंग.

पण एका गिअरसाठी भट्टी कोण पेटवणार? 300 ग्रॅमचा तुकडा. काकांनी हार्डनिंगवाल्याला फोन केला: "तुझा त्या पोलादाचा लॉट कधी हाय? आमचं एक पोरगं त्यात बसवून दे." तीन आठवडे थांबलो. कुणाचे तरी शेकडो पार्ट भट्टीत चालले होते, त्यांच्या कोपऱ्यात माझा एक गिअर बसून गेला.

मित्रांनो, मला या सगळ्यात सापडलेली मुख्य गोष्ट हीच. एक जुनी गाडी एकटा मिस्त्री दुरुस्त करत नाही. मागं पन्नास चालू शेड लागतात. कुणाचा तरी मोठा लॉट चालू असेल तरच आपला एक नग त्याच्या जिवावर होतो. शेड बंद झाली, भट्टी पुण्याकडं गेली, की एक नग करून द्यायची गावाची ताकद संपली. मग गाडीच काय, ऐन हंगामात चरकाचा गिअर तुटला तरी बाहेरून पार्ट येईपर्यंत बसून राहायचं.

ही ताकद आपण मोठ्या संकटात बघितली आहे. ऑगस्ट 2019 चा महापूर आठवा. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. सांगलीत हजारो गाड्या पाण्याखाली. कुपवाड उंचावर म्हणून वाचलं, आणि पाणी उतरल्यावर गाड्या ढकलत, टेम्पोत घालून इकडं आल्या. मामा सांगतात, "बॉक्स उघडला की आत तेल न्हाई, च्या. दुधाचा च्या." तेलात पाणी मिसळलं की तसाच रंग होतो. दोन-तीन दिवसांत धुऊन तेल बदललं तर गिअर वाचतात, महिनाभर राहिलं तर बेअरिंगला गंज धरतो. त्या पंधरा दिवसांत इथल्या मिस्त्रींनी रात्रंदिवस बॉक्स धुतले. ज्या कामगाराची गाडी सुरू झाली तो कामावर जाऊ शकला. त्याची कुठं नोंद नाही, सत्कार नाही.

नोंदीचाच प्रश्न आहे. आपल्याकडं संस्थानाचा इतिहास लिहिला गेला, साखर कारखान्यांचा लिहिला गेला, नेत्यांची चरित्रं आली. मिरजेच्या तंतुवाद्यांवर लोक परदेशातून येऊन लिहून गेले, चांगलंच झालं. पण लेथवर 50 वर्षं उभा राहिलेल्या माणसाचा इतिहास त्याच्या तेलकट वहीत आहे, आणि ती वही एकच आहे.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल पत्रकार जुन्याच्या प्रेमात वाहवला. टू स्ट्रोक गाडी धूर करते, हे खरं. सगळ्यांनी जुन्या गाड्याच चालवाव्यात असं माझं मुळीच म्हणणं नाही. 15 वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर 5 वर्षांनी नव्यानं करावी लागते. एप्रिल 2022 पासून दुचाकीसाठी त्याची फी 300 वरून 1000 रुपये झाली. सरकारला जुन्या गाड्या कमी करायच्या आहेत, त्यामागं कारण आहे. इलेक्ट्रिक स्कूटर येताहेत, त्यात बहुतेकींना असा गिअरबॉक्सच नसतो. काळ पुढं जाणार.

पण त्याच 2022 च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं राइट टू रिपेअरचं पोर्टलही सुरू केलं. वस्तू दुरुस्त करून घेणं हा ग्राहकाचा हक्क, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि पार्ट उपलब्ध करावेत, हा त्यामागचा विचार. त्यात गाड्याही आल्या, शेतीची अवजारंही. चांगलं पाऊल आहे. मात्र हक्क कागदावर असला तरी दुरुस्त करणारा हात लागतोच. तो कागदावर मिळत नाही.

आणि तो हात थकत चाललाय. मामांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे, पगार चांगला, मामांना आनंदच आहे. पण गॅरेजात शिकायला गेल्या सहा वर्षांत एक पोरगा टिकला नाही. काकांची शेड भाड्याची. मार्चमध्ये करार संपतोय, मालकाला तिथं गोडाऊन करायचंय. लेथ किलोवर जाईल. मी विचारलं, "काका, वहीचं काय?" म्हणाले, "कुणाला पायजे ती? घिऊन जा तू."

मी घेतली नाही. झेरॉक्सही काढली नाही, पान उलटताना तुकडा पडतोय. काकांच्या समोर बसून मोबाइलवर एकेक पान फोटो काढतोय, आणि प्रत्येक पानाला ते काय सांगतात ते रेकॉर्ड करतोय. तीन रविवार झाले, 41 पानं झाली. अजून निम्म्याहून जास्त बाकी आहेत.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. एक, आयटीआयनं अशा जुन्या टर्नर-मिस्त्रींना महिन्यातून दोन दिवस मानधनावर वर्गात बोलवावं. डिग्री विचारू नये, हात बघावा. दोन, 1998 पासून महापालिकेच्या नावात सांगली, मिरजेबरोबर कुपवाडही आहे. मग महापालिकेच्या एखाद्या वाचनालयात एक कपाट या कामगारांच्या वह्या, ड्रॉइंग, फोटो यांच्यासाठी ठेवायला काय हरकत आहे? तीन, एमआयडीसीतल्या उद्योजकांनो, काकांची लेथ आणि दोन पोरं शिकतील एवढी जागा कुणाच्या शेडमध्ये असेल तर मला कळवा. मार्चला वेळ नाही.

गाडीचं सांगायचं राहिलं. दिवाळीच्या आधी मामांनी बॉक्स बंद केला. बंद करण्याआधी प्रत्येक गिअर हातानं टाकून शाफ्ट फिरवून बघितला, पातळ वॉशर घालून शाफ्टची ढिलाई काढली, माझ्याकडून चारही गिअर टाकून घेतले. सगळा खर्च 11 हजार 400. भंगाराच्या भावाच्या जवळपास तिप्पट. हिशेबात बसत नाही, मला मान्य आहे.

तिसऱ्या किकला सुरू झाली. मामा मागं बसले. सावळीच्या बाजूला निघालो, सेकंड टाकला, सवयीनं पाय लिव्हरवर तसाच राहिला. मागून पाठीत थाप बसली. "पाय काढा पत्रकार. आता धराय लागत न्हाय."

तुमच्या घरात, शेजारी असा कुणी टर्नर, मोल्डर, फिटर, मिस्त्री असेल, त्याच्याकडं अशी वही असेल, तर खाली नक्की लिहा. त्यांना विचारून लिहा. आणि जमलं तर या रविवारी त्यांच्याकडं जाऊन बसा.